धाडायची वाट

आई गेली, त्या वर्षी जुन्या जालन्यातल्या आमच्या घरात नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. तिच्या स्कॅनचे फोटो मुंबईच्या डॉक्टरांना पाठवायचे होते, पण पडद्यावरची पट्टी सरकेना. टेलिफोनचे लाइनमन आले. त्यांनी वायरचं टोक सदऱ्याला पुसून पुन्हा जोडलं.

"लाइन बराबर हाये, सर. लोक उतरवून घेतात जास्ती, धाडतात कमी. म्हणून धाडायची वाट अरुंदच ठेवलीय."

"मला तर धाडायचंच आहे."

"मंग बसतो मी बी."

चहा नाकारून ते पट्टी भरेपर्यंत बसले. चपला घालत होते, तोच डॉक्टरांचं उत्तर आलं. ते मात्र क्षणात उघडलं : आता उपाय नाही, त्यांना घरीच ठेवा.

माझ्याकडे पाहून त्यांनी चपला पुन्हा काढल्या.

"चहा ठेवा, सर."