जुना बंपर

कोथरूडच्या त्या गृहस्थांना बोलताना मध्येच थांबायची सवय आहे. चिमट्यात छोट्या मॉडेल-गाडीचा दाण्याएवढा आरसा असला की ते श्वास रोखतात, आरसा चिकटवतात आणि मगच वाक्य पुरं करतात. सुरुवातीला मला तो माझा अपमान वाटायचा.

माझा हडपसरला भंगारचा धंदा. मोडीतल्या खऱ्या गाड्यांचा भाव करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही. पण यांच्याकडचं मॉडेल-गाडी जोडायचं एक जुनं, सीलबंद किट दोन वर्षं मागूनही मिळेना. "अहो, विकायला कुठे ठेवलंय?" एवढंच उत्तर. त्या रागात मी तेच किट दुसरीकडून अर्धवट जोडलेलं घेतलं आणि घाईत त्याचा पुढचा बंपर मोडला.

कंपनीने ते किट पुन्हा काढलं, तेव्हा नवी पेटी आणि माझी गाडी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. नवा बंपर त्यांनी उजेडात धरला.

"साचा बदललाय. हा तुमच्या गाडीला..."

या वेळी चिमट्यात काहीच नव्हतं. ते उठले, कपाटातली ती जुनी पेटी काढली, ब्लेडने सील कापलं आणि तिच्यातला बंपर माझ्या गाडीला चिकटवला. श्वास मीही रोखला होता.

"...शोभला नसता."

"अहो, पेटी फोडलीत! किती देऊ?"

"तुमचा नवा बंपर ठेवून जा. माझ्या गाडीला चालेल."

घासाघीस करायला त्यांनी जागाच ठेवली नाही, हा राग अजून आहे. पण हल्ली त्यांच्याकडे जाताना मी भाव करायचा चढा आवाज जिन्यातच ठेवून जातो.