आमटी सांडायची नाही

बर्फाचं एक बरं असतं, मार्च सरेपर्यंत तो वितळून जातो. त्याचे किस्से मात्र जात नाहीत. अमेरिकेतल्या या नेपरव्हिलमध्ये आम्हाला बावीस हिवाळे झाले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर अजून पहिल्या हिवाळ्यातले किस्से निघतात. कोणी नवीन पाहुणा आला की आग्रह होतो, "काकू, ते सांगा ना!" मला काय, सांगायचंच असतं!

तर मी आमच्या मंडळींना बर्फात गाडी चालवायला शिकवते. लायसन्स सगळ्यांकडे असतं. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आलेली ही मुलं जुलैत टेस्ट देतात, ऑगस्टमध्ये गाडी घेतात आणि डिसेंबरमध्ये रडवेल्या चेहऱ्यानं माझ्या दारात उभी राहतात. पहिला बर्फ पडला की त्या रविवारी सकाळी एका बंद दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आमचा क्लास भरतो.

आमचे सुधीरराव चिंचगुळाची पातळ आमटी करतात. ते पातेलं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसमोर, खाली पायाशी ठेवायचं. आमटी काठापासून दोन बोटं खाली. झाकण नाही, हात लावायचा नाही. मी मागे बसते. गाडी मुद्दाम घसरवायची आणि हळूच सावरायची. आमटी सांडली नाही तर पास. आणि पातेल्यात जी उरेल ती सगळ्यांनी दुपारी भाताबरोबर खायची!

हे खूळ माझंच. पहिल्या हिवाळ्यात मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमटी घेऊन निघाले होते. मी पोचले, आमटी गाडीच्या कार्पेटवर राहिली. त्या दिवशी कानाला खडा लावला.

तेव्हापासून माझ्या हाताखालून कितीतरी जण पास झाले. मी हरले ती फक्त दोघांपुढे. एक पुण्याचा मंदार आणि दुसरी माझी पोटची पोर, सई.

*

नागपूरचा प्रणय क्लासला येण्याआधीच गाजला. सकाळी गाडीच्या समोरच्या काचेवर बर्फाचा थर होता. खरवडत कोण बसणार? या पठ्ठ्यानं चहाची किटली भरून उकळतं पाणी आणलं आणि काचेवर ओतलं. काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली!

मी ओरडले, "अरे, डोकं ठिकाणावर आहे का?"

तो शांतपणे म्हणाला, "काकू, पण बर्फ तर गेला नं!"

*

एकदा क्लास चालू असताना पोलिसांची गाडी आली. रिकाम्या पार्किंगमध्ये एक गाडी गरागरा फिरतेय म्हटल्यावर येणारच. ऑफिसरनं काच खाली करायला लावली, आत वाकून पाहिलं.

"मॅडम, या भांड्यात काय आहे?"

"डाळीचं सूप. ते सांडलं नाही तर ही मुलगी पास."

स्टिअरिंगवर तेव्हा मुंबईची नेहा होती. ऑफिसर म्हणाला, "दाखवा." नेहानं गाडी घसरवली, सावरली आणि बरोब्बर त्याच्या बुटांसमोर आणून उभी केली. आमटी जागची हलली नाही. ऑफिसरनं आधी पातेल्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या शर्टावरच्या कॉफीच्या डागाकडे पाहिलं.

"पुढचा क्लास कधी आहे?" त्यानं विचारलं.

*

हीच नेहा पुढे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेली. तिकडे बर्फ घरी येत नाही, लोक शनिवारी तो बघायला डोंगरात जातात! तिची ऑफिसची टीम अशीच निघाली. घाटात गाड्या थांबवून चाकांना साखळ्या बांधायला लावतात. टीममधल्या एका हुशार माणसानं अर्धा तास खपून मागच्या दोन्ही चाकांना साखळ्या बांधल्या. गाडी जागच्या जागी घुर्र घुर्र करायला लागली.

नेहा उतरली. "अरे यार, ही गाडी पुढच्या चाकांवर चालते! अख्खी चिप डिझाइन करतोस आणि एवढं माहीत नाही?"

साखळ्या सोडून पुढे बांधल्या आणि वरपर्यंत गाडी तिनंच नेली. सगळे विचारायला लागले, कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलीस? नेहानं मला तिथूनच फोन लावला, "काकू, यांना काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, डाळीच्या."

*

आता मंदार. स्वभावानं गरीब, गाडी सावकाश, हात अगदी स्थिर. पण सलग तीन हिवाळे आमटी सांडली. तिसऱ्या वर्षी तर पातेलं आडवंच झालं आणि आम्ही सगळ्यांनी भात लोणच्याशी खाल्ला.

बर्फावर ब्रेक दाबला की गाडी आणखी घसरते. मी मागच्या सीटवरून घसा फाटेस्तोवर सांगत होते, "ब्रेक नको! ब्रेक नको!" आणि हा दर वेळी नेमका ब्रेकच दाबायचा.

जेवताना सुधीर म्हणाला, "तो बर्फाला घाबरत नाही गं. तुला घाबरतो."

मला राग आला. मी पुन्हा भात वाढायलासुद्धा उठले नाही.

*

आणि सई! सोळाव्या वर्षी लायसन्स मिळालं, पण पातेल्याशेजारी बसायला साफ नकार. "आई, नोबडी नीड्स डाळ टू ड्राइव्ह! इट्स सो एम्बॅरसिंग!" मी मराठीत रागवायची, ती इंग्लिशमध्ये दार आपटायची.

लग्न करून लांब दक्षिणेत, फ्रिस्कोला गेली तेव्हा विमानतळावर मला मिठी मारून म्हणाली, "नो स्नो, नो आमटी!"

जावई कुणाल तर कॅलिफोर्नियात वाढलेला. त्याला फ्रिजबाहेरचा बर्फ माहीत नव्हता.

*

मंदारचीही पुढे फ्रिस्कोलाच बदली झाली, सईच्या घरापासून दहा मिनिटांवर. तिकडे बर्फ क्वचित, पण पडला की वाईट. मंदार सांगत होता, "काकू, इथे तो दिसतच नाही. रस्ता नुसता ओला वाटतो आणि गाडी सुटते." मीठ टाकणाऱ्या गाड्याही मोजक्याच, त्यामुळे सगळं गाव दारं लावून बसतं.

अशाच एका सकाळी त्याचा शेजारी आपला ट्रकएवढा पिकअप घेऊन ऐटीत निघाला आणि स्वतःच्याच ड्राइव्हवेवरून घसरत समोरच्या टपालपेटीवर जाऊन आदळला. मंदार आपली छोटी गाडी घेऊन त्याच्या शेजारून अलगद निघून गेला. शेजाऱ्यानं ओरडून विचारलं, "कुठून आलास रे बाबा?"

"नेपरव्हिल!" पठ्ठ्या पुणे म्हणाला नाही हो!

मला केवढा अभिमान वाटला! तरी म्हटलं, "पण तू अजून नापास आहेस."

*

गेल्या हिवाळ्यात सईचे दिवस भरले. आमच्या बॅगा तयार, डिंकाचे लाडू तयार आणि नेमका तिकडे बर्फ! आमचं विमान कॅन्सल झालं. सकाळी आठला कुणालचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, ॲम्ब्युलन्सला खूप वेळ लागणार होता आणि बर्फात गाडी काढायचा त्याला धीर होत नव्हता. हजार मैलांवरून मी काय करणार? मंदारला फोन लावला. तो म्हणाला, "निघालोच."

मंदारच्या गाडीत सई मागे, कुणाल पुढे. फोन स्पीकरवर होता. कुणालचा आवाज आला, "मंदारदादा, हे भांडं हॉस्पिटलमध्ये न्यायचंय का?"

"नाही, माझ्यासाठी आहे. पाय जरा बाजूला घे."

गाडी पुलावर चढली. पूल सगळ्यात आधी गोठतो. मला राहवेना. मी ओरडले, "मंदार, ब्रेक नको! ब्रेक—"

"आई!" सई कळ दाबत म्हणाली, "तू ओरडू नकोस. फोन ठेव. आमटी सांडेल."

मी फोन ठेवला.

तासाभरानं "पोचलो" एवढाच मेसेज आला. मग काहीच नाही. सुधीर खिडकी आणि सोफा यांच्यामध्ये फेऱ्या मारत होता. मी डिंकाचे लाडू पुन्हा पुन्हा मोजत होते.

दुपारी मंदारकडून दोन फोटो एकदम आले. पहिला पातेल्याचा, दुसरा नातीचा.

सुधीरचे डोळे वाहायला लागले. "अगं, पुढचा फोटो बघ! नात बघ आपली!"

मी चष्मा पुसला, पहिला फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि म्हटलं, "थांब, आधी काठ बघू दे."