नवऱ्याच्या मापाचा थैला

“कंबर नाही, मांड्या!” शेजारच्या वहिनी अंगणात स्वतःलाच मोठ्यानं बजावायच्या आणि छातीशी धरलेला थैला घेऊन उठायच्या. मी भिंतीआडून पाहायचो. हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. त्यांच्याबद्दल सांगायला लागलो की माझंही सांगावं लागतं, आणि ते काही चांगलं नाही.

चिखलीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत. मी निवृत्त मास्तर, त्या घरी कपडे शिवणाऱ्या. वय सत्तावन्न, सारा जन्म मशीनवर बसून गेलेला, पाय काडीसारखे. यजमानांना अर्धांगवायू झाला. रोज सकाळी त्यांना खाटेवरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचं आणि अंगणात आणायचं, एवढंच त्यांच्या आयुष्यात उरलं होतं. वहिनींना एकटीला ते झेपेना.

“गुरुजी, जरा हात लावता का?” अशी हाक यायची. मी जायचो.

वीस-बावीस दिवस गेलो. मग कंटाळलो. दुसरं काही कारण नव्हतं. एका सकाळी हाक स्पष्ट ऐकली आणि पेपरात डोकं घालून बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी कंबर धरल्याचं सांगितलं.

“राहू द्या गुरुजी. तुमच्या कंबरेले जपा,” वहिनी म्हणाल्या. त्यानंतर हाक आली नाही. यजमान खाटेवरच राहिले.

महिनाभरानं अंगणात तो थैला दिसला. जाड चादरीचा, लांबोडका, खांद्यापाशी रुंद. मला राहवेना, विचारलं.

“यायचं माप हाय,” त्या आतल्या खाटेवरच्या यजमानांकडे मान करून म्हणाल्या. “छाती छत्तीस. तीस वर्सं यायचे सदरे शिवले, माप काऊन चुकीन?”

थैल्यात ज्वारी होती. सुरुवात तीन पायल्यांनी. नीट उचलता आलं की पंधरा दिवसांनी आणखी एक पायली ओतायची.

“पण ज्वारीच कशाला उचलता?”

“थैला पडला तं ज्वारी सांडते, गुरुजी. हे पडले तं?”

व्यायाम शिकवणारी एक बाई बुलढाण्याहून येऊन गेली होती. पाठ सरळ ठेवा, गुडघ्यात वाका, आणि रोज अंडी खा, असं तिनं सांगितलेलं. वहिनी माळकरी घरातल्या. अंडं खाताना नाक दाबायच्या आणि यजमान खाटेवरून हसायचे.

समोरचे तलाठी एकदा म्हणाले, “काय वहिनी, यंदा कुस्त्यांत उतरता काय?”

“उतरीन ना! जोडीले कोनी भेटून नाही राह्यलं. तुमी येता?”

तलाठी पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

मला मात्र कुतूहल लागलं. या वयात शरीर ऐकतं? पहिल्या महिन्यात त्या दाराची चौकट धरून ओट्यावरून उठत. तिसऱ्या महिन्यात चौकट सुटली. सहाव्या महिन्यात त्या स्वतःच्या ब्लाउजच्या बाह्या उसवत बसलेल्या दिसल्या.

“दंड भरले, गुरुजी! गिऱ्हाइकायच्या बाह्या लय उसवल्या, सोताच्या पयल्यांदाच.”

आठव्या महिन्यात एका सकाळी यजमान अंगणात दिसले. खुर्चीत, कडुनिंबाखाली, तोंडाच्या एकाच बाजूनं हसत. शेजारी वहिनी घामानं निथळत उभ्या. त्या दिवसापासून चार वर्षं, एकही सकाळ न चुकवता, त्यांनी त्यांना एकटीनं उचललं.

यजमान गेले. तेरवीला धाकट्या दिरानं भरल्या पंगतीत माझ्यासमोर हात जोडले. “गुरुजी, तुमी रोज हात लावला म्हनून आमच्या भाऊनं ऊन पाह्यलं.” त्यांना कुणीतरी सुरुवातीच्या दिवसांचं सांगितलं असावं. चारचौघांनी माना डोलावल्या. वहिनी वाढत होत्या, त्यांनी ऐकलं. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि नुसता हात जोडून बसलो. वहिनींनी माझ्या पानात भात वाढला आणि पुढे गेल्या. तेव्हापासून गावात शेजारधर्माची गोष्ट निघाली की माझं नाव निघतं.

पुढे त्या मुलीकडे मलकापूरला गेल्या. मागच्या वर्षी मी मुद्दाम एस.टी.नं गेलो, सगळं कबूल करायला. त्यांनी भरलेलं सिलिंडर स्वयंपाकघरात सरकवलं आणि माझ्याकडे वळल्या.

“गुरुजी, गुडघे धरून काऊन उठता? हात छातीवर ठेवा. आता उठा.”

मी उठलो, बसलो, उठलो. त्या मोजत होत्या. दहा झाले की सांगू, असं मनाशी धरलं. दहाला मला धाप लागली, त्यांनी पाणी दिलं आणि परतीच्या गाडीची वेळ झाली.

“रोज करा. पुढच्या खेपेले पंधरा पाह्यजेत,” त्या दारातून म्हणाल्या.

मी पंधरापर्यंत पोचलो. पण जाण्याआधीच त्यांच्या मुलीचा फोन आला. आई शांतपणे गेली, म्हणाली.

जे सांगायला गेलो होतो ते दोन वाक्यांचंच होतं. वहिनी, त्यांना ऊन तुम्ही दाखवलं. मी हाक ऐकूनही आलो नाही, मला माफ करा.