बनाबाईंच्या घरातल्या देवी
पासलीच्या बनाबाई ओट्यावर नुसत्या खाकरल्या, तरी खाचरातला माणूस वळून बघायचा. मनाने वाईट नव्हत्या हो, पण तोंडाला लगाम म्हणून नव्हता!

सून अश्विनीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. नात गोड, पण अंगच धरीना. अंगणवाडीच्या मंगलताईंनी वजन केलं आणि बनाबाईंना बाजूला घेतलं. "आईच्या जिवाला घोर असला की पान्हा अडतो, लेकरूही किरकिरं होतं. वाढीचे दिवस हेच. तिला शांतता द्या, सारखं पाजू द्या. आता वजन वाढलं नाही, तर दवाखान्यात न्यावं लागेल."

बनाबाईंच्या काळजात धस्स झालं. पण गुन्हेगार त्यांना लगेच सापडले. बाळ बघायला येणाऱ्या बाया! एक म्हणणार 'लई वाळलंय', दुसरी म्हणणार 'दूध पातळ दिसतंय'. बनाबाईंनी विंझर गावाहून कडुलिंबाचा डहाळा आणवला आणि दाराला खोचला. म्हणजे घरात देवी आल्या, कांजिण्या! बायांनी रस्त्यावरूनच हात जोडले. एकही फिरकली नाही.

तरी अश्विनीने छातीशी घेताच पोरगी रडायचीच. बनाबाईंचा जीव तुटायचा आणि तोंड सुटायचं. "अगं, असं काय धरतीस पोरीला? तुला न्हाई जमायचं!"

एके सकाळी हाच पट्टा चालू असताना, लेकीकडून नुकत्याच परतलेल्या शेजारीण रतनबाई कुडापलीकडून ओरडल्या, "अवं बनाबाई, घरात देवी आन् तुमी भांडताय? कोपली म्हंजे?"

आली का पंचाईत! देवी असताना घरात भांडण नाही, फोडणी नाही, हे बनाबाईच गावाला दरडावून सांगायच्या. खोटं कबूल करावं तर गावभर शोभा, गप्प बसावं तर जीव जातो. बसल्या गप्प! बिनफोडणीची आमटी ओरपताना घासागणिक एक टोमणाही गिळला. रतनबाईंचा कान कुडालाच, मेली!

दुपारी अश्विनी कधी नव्हे ती गाढ झोपली. उठून तिने पोरीला घेतलं, तर पोरगी गटागटा प्यायला लागली. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. बनाबाई चुलीपाशी बसून ऐकत राहिल्या. बाया तर आधीच बंद झाल्या होत्या. मग आता बंद झालं होतं ते काय, हे त्यांना बरोबर कळलं आणि फार वाईट वाटलं.

मंगलताई पुन्हा आल्या, तेव्हा वजन छान वाढलेलं. त्या खुशीत निघाल्या आणि येताना नजरेतून सुटलेला दारातला सुकलेला पाला बघून दचकल्या. "अहो, तान्ह्या लेकराच्या घरात कांजिण्या? आल्यात कुणाला?"

अश्विनी पदरात तोंड खुपसून हसू दाबायला लागली.

बनाबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या जिभेला आल्या व्हत्या, बाई."