लातूरचा कार्यक्रम आणि आठ मात्रांची शांतता

लातूरला आमचं वादन ठरलं तेव्हा मी बाबांना फोन केला. या म्हटलं, आणि वर एक अटही घातली, बँडवाले आहात हे तिथं सांगू नका. बाबा कंधारला लग्नांत क्लॅरिनेट वाजवतात. मीही तेच वाजवते, पण नांदेडला, विद्यापीठाच्या वाद्यवृंदात! आमच्या सरांचा नियम कडक आहे. फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठीच लिहिलेलं संगीत वाजवायचं, सिनेमाचं गाणं चुकूनही नाही. त्यामुळे आम्हाला फारशी बोलावणी येत नाहीत.

सकाळच्या एसटीनं निघालो. बायकांना अर्धं तिकीट, पण ट्यूबा नावाच्या आमच्या कढईएवढ्या भोंग्यानं सीट अडवली म्हणून कंडक्टरनं त्याला पूर्ण लावलं. कंधारहून लोह्याला येऊन थांबलेले बाबा तिथं चढले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. अहमदपूरला सुशीला, म्हणजे फोडणीचे मुरमुरे, जरूर खा, चहासकट तीस-चाळीस रुपयांत पोट भरतं.

लातूरच्या सभागृहात आधी दीड तास सत्कार झाले. शाली संपल्यावर उरलेली वीस मिनिटं आमची. सरांच्या रचनेत मध्येच आठ मात्रा पूर्ण शांतता आहे आणि तिच्यानंतर मी एकटी वाजवते. तेवढंच मला बाबांना ऐकवायचं होतं. शांतता आली आणि प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे उठले म्हणून सगळं सभागृह उठलं. संयोजकांनी माइकवरून जेवणाचंही सांगून टाकलं.

तेवढ्यात मागून वरात थांबवणारा आवाज आला.

"बसा खाली. संपलं न्हाई. दम धरून हायत पोरं."

आमच्यातल्या कुणीच वाद्य तोंडापासून खाली घेतलं नव्हतं, हे एवढ्या गर्दीत एकट्या बाबांनी पाहिलं होतं. पाहुण्यांसकट सगळे निमूट बसले. मी वाजवलं, आणि खरंच चांगलं वाजवलं.

जेवताना (पुऱ्या गार, वरण झकास) संयोजकांनी बाबांना विचारलं, आपण संगीतातले जाणकार का? बाबांनी माझ्याकडं बघितलं.

"न्हाई साहेब. सहज आल्तो लेकीसंगं."

सर शेजारीच होते. मी आणखी वरण वाढून घेतलं.

नांदेडला येऊन चार दिवस झाले. व्हिडिओ छान आलाय, लोक कौतुक करून राहिलेत, आणि मला स्वतःची लाज वाटतेय. संयोजक हे वाचत असतील तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय. ते माझे बाबा. कंधारचे बँडवाले आहेत.