दादा कॉफीला आला ती सकाळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. विश्वास म्हणाल तर शून्य. आमच्या घरात भूत-प्रेत, अंगारे-धुपारे, नजर काढणं असलं कधी काही नव्हतंच. बाबा म्हणायचे, आपण ते सगळं सोडून आलेली माणसं आहोत, पुन्हा त्या दारात जायचं नाही. लहानपणी मला ताप आला तेव्हा शेजारच्या काकूंनी कुठून तरी ताईत आणला होता. बाबांनी तो हात जोडून परत केला. त्यात मी एका सरकारी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरीला. तेव्हा मी हे लिहायला बसलो आहे याचं मलाच नवल वाटतं... पण दोन वर्षं झाली, मनातून जात नाही. जसं घडलं तसं सांगतो.

आम्ही जबलपूरचे. मूळ गाव भंडाऱ्याकडचं, बाबा फॅक्टरीत लागले आणि इथलेच झाले. आम्ही दोघं भाऊ. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा, तो शहरातल्या चेरीताल भागात जुन्या घरात राहतो. मी महाराजपूर भागात एका कॉलनीत घर बांधलं. लहानसंच आहे. समोर लोखंडी गेट, मग थोडं अंगण, मग दार. घरात मी आणि बायको सुषमा. मुलगी लग्न होऊन रायपूरला असते.

आता कॉफीचं सांगायला पाहिजे. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून एक तामिळ कुटुंब होतं. त्यांच्यामुळे बाबांना फिल्टर कॉफीची सवय लागली. त्यांची बदली झाली तेव्हा जाताना ते बाबांना पितळी फिल्टर देऊन गेले. नातेवाईक हसायचे, म्हणायचे, हे बघा मद्रासी झाले. पण बाबा रोज सकाळी स्वतः कॉफी करायचे, आईला द्यायचे, आणि आम्हा दोघांना दुधात दोन चमचे घालून. बाबा गेल्यावर तो फिल्टर माझ्याकडे आला. दादाच म्हणाला होता, तू घे, मला तेवढा वेळ कुठे असतो.

साडेपाचला उठून कॉफी करायची, हा माझा दिवसातला सगळ्यात चांगला वेळ. सुषमा उशिरा उठते. घरात शांतता असते. इथल्याच गोरखपूर बाजारातल्या एका दुकानातून पावडर आणतो. ती फिल्टरमध्ये भरायची, हलकी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून बसून राहायचं. खाली एकेक थेंब पडत असतो. घाई करून काही होत नाही. इकडे दूध तापत असतं, खिडकीची काच वाफेने धुरकट होते. त्या पंधरा-वीस मिनिटांत मला कोणाची आठवण येत नाही, कोणाचा राग येत नाही. निदान मी तसं समजत होतो.

कारण दादाशी माझं बोलणं बंद होतं. सहा वर्षं.

त्यात चूक माझी होती. आई शेवटी दादाकडे होती. मी तेव्हा बालाघाटला पोस्टिंगवर. आईला दोन-तीन दिवस बरं नव्हतं, दादाला वाटलं साधा खोकला आहे, उगाच राजूला, म्हणजे मला, कशाला त्रास द्यायचा. तिसऱ्या दिवशी पहाटे आई गेली. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. मी आत गेलो, आईजवळ बसलो, आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर दादाला म्हणालो की आईला तूच मारलंस. ज्या माणसाने चार वर्षं आईचं सगळं केलं, आंघोळ घातली, पाय चेपले, त्याला मी हे म्हणालो. नंतर माफी मागायची होती. आज मागू, उद्या मागू करत राहिलो. मग मागणं कठीणच होऊन बसलं. लग्नकार्यात भेटलो तर मी दुसरीकडे जाऊन बसायचो.

जानेवारी महिना होता. धुकं इतकं की खिडकीतून गेटसुद्धा नीट दिसत नव्हतं. मी नेहमीसारखा उठलो, फिल्टर लावला, दूध गॅसवर ठेवलं. पावणेसहा झाले असतील. मागे चाहूल लागली म्हणून वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात दादा उभा.

मी घाबरलो नाही, हे मुद्दाम लिहितो. भूत दिसलं वगैरे मनातही आलं नाही. दादा होता तो. अंगात तपकिरी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खाली लुंगी, पाय अनवाणी. केस विस्कटलेले. माझ्या मनात एवढंच आलं की इतक्या थंडीत हा चप्पल न घालता आला, नक्की काहीतरी झालं आहे. आत कसा आला, हा विचार तेव्हा सुचलाच नाही.

तो म्हणाला, "कॉफी झाली का रे?"

सहा वर्षांनंतर हे पहिलं वाक्य. मी म्हणालो, होऊन राहिली, बस. गॅसशेजारी एक लाकडी स्टूल आहे, त्यावर तो बसला. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबून धरले होते. थंडी लागून राहिली म्हणाला. मी दुसरी शेगडी पेटवली, त्याला ऊब मिळावी म्हणून. मग दोन स्टीलच्या ग्लासांत कॉफी केली. त्याला साखर जास्त लागते, ते मला आठवत होतं. ग्लास हातात दिला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायला. हळूहळू, पण न थांबता, खूप तहान लागलेला माणूस पितो तसा.

मी ओट्याला टेकून उभा होतो. काय विचारावं कळत नव्हतं. वहिनी कशा आहेत विचारलं. नागपूरला गेली, बहिणीकडे, म्हणाला. आणि मग काय झालं मला, कोण जाणे... मी बोलायला लागलो. आईच्या वेळेस जे बोललो ते सगळं खोटं होतं, मला माहीत होतं की खोटं आहे. मला स्वतःचाच राग होता, मी शेवटी नव्हतो म्हणून, आणि तो तुझ्यावर काढला. बोलता बोलता मी रडायला लागलो. पन्नाशी उलटलेला माणूस, हातात कॉफीचा ग्लास, आणि नाक पुसतोय. मी म्हणालो, "दादा, तू होतास म्हणून आई सुखाने गेली. हे मी त्याच दिवशी म्हणायला पाहिजे होतं."

तो माझ्याकडे पाहत होता. चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेला दिसत होता, फार दमलेला. म्हणाला, "घरी ये, राजू."

मी म्हणालो, येतो ना, रविवारी येतो. तर पुन्हा तेच. "आता ये."

तेवढ्यात मागे दूध वर आलं. मी अजून थोडं ठेवलं होतं सुषमासाठी. वळून गॅस बंद केला, फडक्याने भांडं उतरवलं. पाच सेकंद, फार तर सहा. वळलो तर स्टूल रिकामं.

आधी वाटलं बाहेरच्या खोलीत गेला असेल. तिथे नव्हता. पुढचं दार पाहिलं. आतून कडी. कडी काढून अंगणात गेलो. गेटला रात्रीचं कुलूप तसंच होतं. ते मी सहा-सव्वासहाला उघडतो, पेपर येतो तेव्हा. किल्ली आत खिळ्यावर लटकलेली.

मी दादाला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. मग वहिनींना लावला, सहा वर्षांत पहिल्यांदा. त्या खरंच नागपूरला होत्या. म्हणाल्या, काल संध्याकाळी बोलणं झालं, नंतर मीही लावला नाही. भाऊजी, काहून विचारून राहिले? मी म्हणालो, काही नाही, सहज... आणि फोन ठेवला. सुषमाला उठवलं, म्हणालो मी दादाकडे जातोय. ती माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली. तू ऑटोने ये, म्हणालो, आणि स्कूटर काढली.

धुक्यात हेडलाइट लावून वीस-पंचवीस मिनिटं लागली. दादाच्या घराचं दार बंद. दुधाची पिशवी दाराच्या कडीला तशीच लटकलेली. समोरच्या डेअरीवाल्या भैयांनी दुकान उघडलं होतं, ते म्हणाले, बाबूजी तो रोज पाँच बजे उठ जाते हैं, आज दिखे नहीं. आम्ही दोघांनी दार वाजवलं, हाका मारल्या. मग भैयांनी कुठून तरी सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि मागचं दार तोडलं.

दादा स्वयंपाकघरात फरशीवर पडला होता. एका कुशीवर. तपकिरी स्वेटर, लुंगी, चप्पल नाही. श्वास चालू होता, डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नाही. अंग गार पडलेलं. रात्री जेवून भांडी ठेवायला गेला असावा, तेव्हापासून तिथेच. भैयांच्या गाडीतून जवळच्या हॉस्पिटलला नेलं. स्ट्रोक होता. डॉक्टर म्हणाले उशीर झाला आहे, पण अजून थोडा झाला असता तर त्या थंडीत हे वाचले नसते.

पहिला दिवस धावपळीत गेला. वहिनी रात्री पोचल्या. दुसऱ्या दिवशी मी सुषमाला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की सकाळी तिला अर्धवट झोपेत माझा आवाज येत होता, वाटलं फोनवर बोलत असतील. मी विचारलं, दुसरा आवाज? ती म्हणाली, नाही, फक्त तुमचाच. मधून मधून थांबत होते, जसं कोणी उत्तर देऊन राहिलं आणि तुम्ही ऐकताय.

पण ग्लास तिनेच उचलले होते. एक ओट्यावर, एक स्टुलाशेजारी खाली. दोन्ही रिकामे होते म्हणते. मला आठवतं तसं मी माझ्या ग्लासातले दोन घोटसुद्धा घेतले नव्हते. आता म्हणाल, भांबावलेल्या अवस्थेत मीच दोन्ही प्यायलो असेन. असेल. मी स्वतःला हेच सांगत होतो. सहा वर्षांचं ओझं होतं, अर्धी झोप होती, मनाने एक चित्र उभं केलं. वहिनी नागपूरला आहेत हे कोणाकडून तरी कानावर आलं असेल. आणि त्याच सकाळी दादा पडलेला असणं हा योगायोग. असा योगायोग होऊ शकतो... मी स्वतःशी तेवढं मान्य करून टाकलं होतं.

दादाची वाचा गेली होती. उजवा हात उचलला जात नव्हता. मी रोज कॉलेज सुटल्यावर जाऊन बसायचो. अकराव्या की बाराव्या दिवशी तो थोडं बोलायला लागला, जड जिभेने, एकेक शब्द. वहिनी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. मला वाटलं, आता खरंखुरं बोलायला पाहिजे. त्याचा डावा हात हातात घेतला आणि सुरुवात केली, दादा, आईच्या वेळेस मी जे बोललो...

त्याने हात सोडवून घेतला आणि हळूच माझ्या तोंडावर ठेवला. बोलायला त्याला फार कष्ट पडत होते, पण शब्द स्पष्ट होते.

"सांगितलं ना त्या दिवशी. किती वेळा रडशील?"

मी विचारलं, कोणत्या दिवशी? कुठे? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विचित्र विचारतोय. मग म्हणाला, "रातभर तहान लागली होती रे. तुझ्या कॉफीने बरं वाटलं." आणि डोळे मिटले. झोप लागली त्याला.

मी तिथेच बसून राहिलो. वहिनी आल्या, काय झालं भाऊजी म्हणाल्या. मी म्हणालो, काही नाही, झोपला तो.

त्या बारा दिवसांत मी त्याच्यासमोर माफीचा एक शब्द काढला नव्हता. गाडीतही नाही. गाडीत मी फक्त दादा, दादा करत होतो, हे भैयांनीही नंतर सांगितलं. कॉफीचं तर सुषमाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि ती त्याच्याशी एकटी कधी बोललेली नाही. मी तिला शपथ घालून विचारलं आहे.

पुढे दादा बराच सुधारला. काठी घेऊन चालतो, बोलणं पंचाहत्तर टक्के परत आलं. मी एकदा हिंमत करून त्याला हे सगळं विचारलं. त्याला हॉस्पिटलातलं ते बोलणं आठवत नाही. पडल्यापासून पुढचे पंधरा दिवस कोरे आहेत म्हणतो. मी माझ्या बाजूचं सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, चलो, झालं ते चांगलंच झालं ना, आता उगाच खोदत बसू नको. मीही मग खोदलं नाही.

डॉक्टर मित्राला विचारलं, त्याने मेंदूविषयी बरंच काही सांगितलं. पटण्यासारखं होतं, फक्त त्यात माझी ती सकाळ कुठे बसत नव्हती. कोणी म्हणेल रक्ताचं नातं. आमच्यात तसं काही मानत नाहीत, आणि मी अजूनही मानत नाही. भुतावर माझा आजही विश्वास नाही. शिवाय दादा तर जिवंत होता.

माझ्यापुरतं एवढंच खरं आहे की त्या सकाळी मी ज्याच्याशी बोललो, त्याने ते ऐकलं. कसं ऐकलं, ते मला माहीत नाही.