हॉस्पिटलातल्या बाईसाठी

मी कादंबरी लिहिते, असं कुणाला सांगताना अजूनही माझी जीभ अडखळते. आमच्या घरात बारावीच्या पुढे शिकलेली मी पहिली. बाबा टेम्पो चालवायचे. मी शाळेत असतानाच ते गेले. आई वसईला एकटी असते, शिवणकाम करते. इथे मेलबर्नच्या युनिमध्ये मी लेखनाची डिग्री करतेय आणि त्यासाठी एक पूर्ण कादंबरी द्यायची आहे. क्रेगीबर्नला एक खोली घेऊन राहते. सकाळी ट्रेनने शहरात जायचं, लायब्ररीत लिहायचं. दुपारनंतर एज्ड केअरमध्ये शिफ्ट असते. म्हाताऱ्यांना चहा द्यायचा, चादरी बदलायच्या, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची. लेखकाचं रोजचं जगणं म्हणतात ते माझ्यापुरतं एवढंच आहे.

कादंबरी एका बाईची आहे. ती आयसीयूत आहे, शुद्धीवर नाही, श्वास मशीनवर चालू आहे. तिची एकुलती मुलगी परदेशात. डॉक्टर मुलीला व्हिडिओ कॉलवर विचारतात, मशीन काढायचं का? तुम्हाला काय हवंय ते सांगू नका, म्हणतात. तुमच्या आईला काय हवं असतं, ते सांगा. मुलीला ते ठाऊकच नाही. पुस्तकभर ती आईचं बोलणं आठवत राहते, त्यात कुठे उत्तर सापडतंय का बघते.

मी लिहिते इंग्रजीत. आईला फोनवर मराठीत सांगते, जेवढं लिहून झालंय तेवढं. सुरुवातीला ती नुसतं 'हं, हं' करायची. मग एके दिवशी स्वतःच म्हणाली, "त्या बाईचं काय झालं गं पुढे?" मला फार बरं वाटलं होतं.

आमच्याकडे वसईला रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते. ऑक्टोबरात तर सगळी गल्ली क्रुसापाशी जमते. माळ संपली की आधी आजाऱ्यांची, मग मेलेल्यांची नावं घेतात आणि प्रत्येकासाठी एकदा नमो मारिया ही प्रार्थना म्हणतात. आई तो शेवटचा भाग फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवते, आणि मी तो दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये ऐकते. मागे कुत्रं भुंकत असतं, कुणाचं तरी पोर रडत असतं. एखादी मोटारसायकल जाते आणि प्रार्थना तेवढ्यापुरती दबून जाते. मी डोळे मिटून घेते. बाजूच्याला वाटत असेल, झोपलीय.

अशाच एका सकाळी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकांच्या नावापाठोपाठ आईचा आवाज आला, "आणि हॉस्पिटलातल्या बाईसाठी." सगळ्या गल्लीने तिच्यासाठी नमो मारिया म्हटलं.

रात्री शिफ्ट संपल्यावर मी फोन केला. "आई, अगं ती खोटी आहे. मी लिहिलेली."

"मला कळत नाही होय? गोष्टीतली आहे ती. पण आजारी आहे ना?"

"आणि बाकीच्यांना काय सांगितलंस?"

"मेलबर्नची आहे म्हटलं. आपल्या पोरीच्या ओळखीतली. खोटं आहे का त्यात काही?"

तेवढ्यात शेजारची मावशी फोनमध्ये शिरली. "काय गं, एवढी आजारी बाई, तिला भेटायला तरी जातेस का? की आईला सोडलंस तसं तिलाही सोडलंस?" आणि आपल्याच बोलण्यावर मोठ्याने हसली. मीही हसले. दोन नाताळ मी घरी गेलेले नाही. याही वर्षी जमणार नव्हतं, कारण मसुदा नाताळनंतर लगेच द्यायचा होता. ते मी आईला अजून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दर फोनला आईचा एकच प्रश्न. ती पोरगी पोचते का शेवटी?

मी माझ्या सुपरवायझरला विचारलं, मुलगी पोचली तर चालेल का? त्यांनी चष्मा काढला. पोचली तर पुस्तकातला प्रश्नच संपतो, म्हणाल्या. लांबूनच ठरवावं लागतं, हेच तर तू लिहिते आहेस. त्यांचं बरोबर होतं. तरी मी मुलीला विमानात बसवून बघितलं. ते पान मला स्वतःलाच खरं वाटेना, म्हणून काढून टाकलं.

शेवटचं प्रकरण झालं त्या रविवारी शिफ्टच्या आधी आईला फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती. चर्चमधल्या मिस्साहून येऊन ती बोंबील साफ करत होती. मी सांगितलं. मुलगी पोचत नाही. मशीन काढायला फोनवरूनच हो म्हणते. नर्स फोन बाईच्या कानाशी धरते आणि मुलगी बोलत राहते.

नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"तिला ऐकू गेलं का?"

"माहीत नाही. जाऊ शकतं, असं डॉक्टर म्हणतात."

"मग गेलं असेल." तिने भांडं बाजूला सरकवलेलं ऐकू आलं. "बरं झालं सांगितलंस. आज तिला आजाऱ्यांतून काढून मेलेल्यांत घालते."

मला हसू आलं. वर्षभर जे पानांवर विचारत होते ते मी तेव्हा कसंबसं विचारलं. "आई, तुझ्यावर अशी वेळ आली तर? तुला काय हवंय?"

"काय भलतंसलतं विचारतेस सकाळी सकाळी."

"सांग ना."

"मला नको ती मशीनबिशीन." नळ पुन्हा सुरू झाला. "पण तू येईपर्यंत राहू दे. तुझं तोंड बघू दे. मग काढा म्हणावं त्यांना."

या नाताळलाही जमणार नाही, हे मी तेव्हाच सांगितलं. लांबवण्यात अर्थ नव्हता. ती म्हणाली, "बरं गं बाय. अभ्यास आधी." पाठोपाठ, बोंबील इथे मिळतात का, ते विचारलं. फ्रोझन मिळतात, मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये रेकॉर्डिंग लावलं. हॉस्पिटलातली बाई मेलेल्यांत गेली होती. तिच्यासाठी सगळे नेहमीपेक्षा सावकाश बोलले. मला वाटलं, झालं. मग आईचा आवाज आला, "आणि तिच्या पोरीसाठी. ती तिकडे एकटीच आहे."

सगळ्यांनी प्रार्थना म्हटली. मीही म्हटली, ओठांतल्या ओठांत. शेवटी खुर्च्या सरकल्या आणि मावशीचा आवाज अगदी जवळून आला, "आणि आपली कधी येते गं?"

रेकॉर्डिंग तिथेच संपलं. आई काय म्हणाली, ते त्यात नव्हतं. मी ते परत पहिल्यापासून लावलं.